द्राक्षाचा कॅलस तपकिरी पडतो तेव्हा

रतलामजवळच्या एका द्राक्षबागायतदाराच्या मुलाचा प्रश्न आला आहे. वडिलांची थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या वाणाची जुनी बाग आहे, ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, होते, आणि छाटणीनंतर पाऊस पडला की डाऊनी, म्हणजे केवडा रोग, ठरलेली. तो स्वतः इंदुरात एम.एस्सी. करतो. प्रकल्पासाठी त्यानं बागेतली पानं आणून कॅलस, म्हणजे पेशींचा बिनआकाराचा गोळा, केला आणि आठ महिने जपला. कॅलस वाढतो, मग तपकिरी पडतो, कोंब काही येत नाही. त्याला दोन गोष्टी हव्या आहेत: या कॅलसमधून रोप कसं काढायचं, आणि टिश्यू कल्चरनं डाऊनीला बळी न पडणारी थॉमसन तयार करता येईल का?

पहिल्याचं उत्तर आधी देते, म्हणजे तुझे पुढचे आठ महिने तरी वाचतील. तो कॅलस टाकून दे. बागेतल्या, पूर्ण उघडलेल्या, फवारण्या खाऊन जून झालेल्या पानातून वेल उभी राहणं फार अवघड आहे. एवढ्याच चिकाटीनं योग्य अवयव योग्य दिवशी घेतलास, तर वर्षभरात रोपं दिसू लागतील. तुझी मेहनत कमी पडलेली नाही, सुरुवातीचा तुकडा चुकला.

मी इंदुरात सत्तावीस वर्षं हे काम करते. प्रयोगशाळा चालली ती केळीवर. बऱ्हाणपूर आणि खरगोनकडच्या शेतकऱ्यांना ग्रँड नैनची रोपं देऊन. केळीच्या कंदाचा गाभा पोषक माध्यमावर ठेवला की कोंब फुटतात, ते कापले की आणखी फुटतात. त्याला शिस्त लागते, कोडं सोडवावं लागत नाही. द्राक्ष माझ्याकडे आलं ते एका बागेतल्या विषाणूग्रस्त वेली स्वच्छ करून द्यायच्या होत्या म्हणून, आणि मग ते सुटलंच नाही. पहिली तीन वर्षं मीही पानंच कापत होते. म्हणून तुझं पत्र वाचून राहवलं नाही.

‘टिश्यू कल्चरचं द्राक्ष’ या एका नावाखाली वेगवेगळी कामं येतात, ती आधी सुटी करून घे. काडीवरचा एक डोळा घेतला, पेऱ्यासकट माध्यमावर ठेवला आणि त्यातून कोंब वाढवला, तर ती मूळ वेलीची हुबेहूब नक्कल असते. कोंबांसाठी लिटरला एक-दोन मिलिग्रॅम बीएपी हे हार्मोन पुरतं, मुळांसाठी माध्यम अर्ध्या ताकदीचं करून थोडं आयबीए हे दुसरं हार्मोन. यात सुधारणा काही होत नाही, डोळा आधीच तयार होता, आपण तो फक्त वाढवला. दुसरं काम म्हणजे देठाच्या किंवा पानाच्या कापलेल्या कडेवर नवा कोंब उठवणं. हे द्राक्षात जमतं, पण तो कोंब बहुतेक वेळा एका पेशीतून येत नाही, पेशींच्या घोळक्यातून येतो. तिसरं काम कायिक भ्रूणाचं. फुलातल्या किंवा अगदी कोवळ्या पानातल्या साध्या पेशीला असं वळवायचं की ती बीजातल्या गर्भासारखा गर्भ बनवील. परागीभवन नाही, फळ नाही, बी नाही.

जनुकीय सुधारणेला हा तिसरा रस्ता का लागतो, ते नीट समजून घे. जनुक बदलायचा म्हटलं की बदल एका पेशीत होतो. माध्यमावर हजारो पेशी असतात, त्यातल्या एखाद-दुसरीत तो घडतो. तिच्या शेजारच्या दहा पेशींनी मिळून कोंब काढला, तर वेल ठिगळांची होते: एका फांदीत बदल आहे, दुसरीत नाही. एकाच पेशीतून गर्भ आला तर वेलीची मुळापासून शेंड्यापर्यंत प्रत्येक पेशी त्या एकीची लेक असते. जनुक शोधणारे, जनुक कापणारे आज पुष्कळ आहेत. ती एक पेशी पुन्हा वेल होईपर्यंत त्यांच्या कामाला काही अर्थ येत नाही, आणि द्राक्षात काम अडतं ते नेमकं तिथं.

हा रस्ता १९७६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल मलिन्स आणि श्रीनिवासन यांनी खुला केला. कॅबर्ने सोव्हिन्यॉन या जुन्या वाणाच्या, फलन न झालेल्या बीजांडांतून त्यांनी गर्भ आणि रोपं मिळवली. १९७९ मध्ये राजशेखरन आणि मलिन्स यांचं परागकोशांवरचं काम आलं. आजही बहुतेक प्रयोगशाळा फुलापासूनच सुरुवात करतात: परागकोश, अंडाशय किंवा संपूर्ण कोवळं फूल.

इथे एक गैरसमज मला दरवर्षी भेटतो. परागकोश म्हटलं की विद्यार्थ्यांना वाटतं, यातून येणारं रोप परागकणाचं, म्हणजे निम्म्या गुणसूत्रांचं. भातात, तंबाखूत तसं होतं. द्राक्षात तसं होत नाही. गर्भ येतो तो परागकोशाच्या भिंतीतून, त्याच्या जोडपेशींतून आणि केसरतंतूच्या टोकाकडून. ते आईचंच शरीर आहे. म्हणून रोपाला पुरती ३८ गुणसूत्रं असतात आणि वाण तोच राहतो. आपल्याला हवंही तेच आहे. थॉमसन बदलायची, पण ती थॉमसन राहिली पाहिजे.

आता प्रत्यक्ष काम. सगळा खेळ फूल कुठल्या दिवशी तोडलं याचा आहे. छाटणीपासूनचे दिवस मोजू नकोस. ऑक्टोबरातलं ऊन, रात्रीची थंडी, डोळे फुटण्यासाठी हायड्रोजन सायनामाइड लावलं की नाही, यावर ते पुढंमागं होतात. साधारण फुलोऱ्याच्या दहा ते चौदा दिवस आधीची वेळ पकडायची. पण खरी खूण परागकोशात असते. कळीची टोपी सुईनं उचल आणि आत बघ. परागकोश काचेसारखा पारदर्शक, किंचित हिरवट असेल तर वेळ आली आहे किंवा अगदी जवळ आहे. पिवळा धमक झाला असेल तर गाडी गेली. खात्रीसाठी एक परागकोश अॅसिटोकार्मिन या रंगद्रव्याच्या थेंबात चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली घाल. चार-चारच्या चौकडीतून सुटे झालेले, एकाच केंद्रकाचे कण दिसायला हवेत. एकाच घडावर वरच्या आणि खालच्या कळ्यांत दोन-तीन दिवसांचा फरक असतो, म्हणून प्रत्येक घडाच्या तीन जागी तपास. हे पंधरा मिनिटांचं काम टाळून मी एक अख्खा हंगाम घालवला आहे.

घड सकाळी तोड, ओल्या टिपकागदात गुंडाळ, बर्फाच्या डब्यात ठेवून इंदुरात आण. इथे ते ४ अंशांवर तीन दिवस ठेव. या थंडीनं प्रतिसाद सुधारतो, आणि तुला सवडीनं काम करता येतं. मग बंद कळ्या सोडियम हायपोक्लोराइटच्या साधारण एक टक्का द्रावणात, ट्वीन या साबणासारख्या द्रव्याचे दोन थेंब टाकून, दहा-बारा मिनिटं हलव आणि निर्जंतुक पाण्यानं तीनदा धू. टोपीच्या आतलं सगळं मुळातच स्वच्छ असतं, म्हणून मर्क्युरिक क्लोराइडला हात लावायचं कारण नाही. आपल्याकडच्या प्रयोगशाळांत ते अजून सर्रास वापरतात. पारा सांडपाण्यात जातो आणि ज्या मुली बाटल्या धुतात त्यांच्या हातांवर जातो. माझ्याकडे ते बंद आहे.

परागकोश काढताना त्याचा तंतू तोडू नकोस. कॅलस बऱ्याचदा तिथूनच फुटतो. माध्यम निच चालेल किंवा अर्ध्या ताकदीचं एमएस चालेल (दोन्ही ठरलेली क्षारमिश्रणं आहेत), तीन टक्के साखर, लिटरला एक मिलिग्रॅम २,४-डी हे हार्मोनसारखं द्रव्य, ०.२ मिलिग्रॅम बीएपी, पीएच ५.८. प्लेटा अंधारात, पंचवीस-सव्वीस अंशांवर. आणि आता हात बांधून बसायचं.

पाच-सहा आठवड्यांत परागकोश फुगतात आणि त्यावर कॅलस येतो. इथे जवळपास प्रत्येक नवा माणूस एकच चूक करतो. त्याला भराभर वाढणारा, पांढराशुभ्र, ओलसर, कापसासारखा फुगलेला कॅलस आवडतो. तो तोच निवडतो, तोच पुढच्या प्लेटवर नेतो. त्या कॅलसच्या पेशी मोठ्या, पाण्यानं भरलेल्या आणि रिकाम्या असतात. तो वर्षभर वाढेल आणि काही देणार नाही. तुझा पानाचा कॅलस मला तसाच वाटतो. गर्भ देणारा कॅलस दिसायला गरीब असतो: फिकट सायीच्या रंगाचा, रव्यासारखा दाणेदार, सुईनं सहज सुटा होणारा, आणि हळू वाढणारा. पुष्कळदा तो आधीच्या कॅलसनं तपकिरी होऊन मान टाकल्यावर त्याच्या अंगावर उगवतो, तिसऱ्या, चौथ्या, कधी पाचव्या महिन्यात.

हे मला एका प्लेटच्या गठ्ठ्यानं शिकवलं. फेब्रुवारीत तपकिरी झालेल्या प्लेटा वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये घालायला काढून ठेवल्या होत्या. केळीच्या रोपांची मोठी मागणी आली आणि तो गठ्ठा मागच्या कपाटात तसाच राहिला. एप्रिलात आमच्या प्रयोगशाळेतल्या ताईंनी कपाट पुसताना हाक मारली, “मॅडम, यात खसखस सांडली आहे का?” वाळून काळ्या पडलेल्या परागकोशावर खरोखरच खसखशीसारखे दाणे होते. शंभरावर परागकोशांतले तीन. माझी पहिली द्राक्षाची वेल त्यांतल्या एका दाण्यातून आली. तेव्हापासून पानाचा तपकिरी कॅलस मी टाकते आणि परागकोशाचा तपकिरी कॅलस सहा महिने राखते. तुझ्या प्रकल्पात हे एवढंच पाळलंस तरी निम्मी लढाई झाली.

तपकिरी पडण्याचं कारणही सांगते. द्राक्ष फिनॉलांनी भरलेलं आहे. सालीतला तुरटपणा, रेस्वेराट्रॉल, हे सगळं त्याच कुळातलं. पेशी कापली की ही द्रव्यं हवेशी मिळून काळी पडतात आणि शेजारच्या पेशींना मारतात. अंधार, धारदार पातं, कमीत कमी चिरडणं, गरज पडल्यास माध्यमात फिनॉल धरून ठेवणारं पीव्हीपी, आणि पहिल्या आठवड्यात एकदा जागा बदलणं, यानं बराच फरक पडतो. पानाचाच हट्ट असेल तर आधी डोळ्यातून बाटलीत वेल वाढव आणि तिच्या शेंड्याची, नुकती उलगडणारी, पाच मिलिमीटरच्या आतली पानं घे. थॉमसनमध्ये अशा पानांतूनही गर्भ मिळवलेले आहेत. बागेतलं पान नको.

दाणेदार कॅलस हाती आला की हार्मोन काढून घ्यायचे. २,४-डी नसलेल्या, थोडा सक्रिय कोळसा घातलेल्या माध्यमावर तो ठेवला की गर्भ आकार घेतात: आधी गोल, मग बदामासारखा, मग पणतीच्या वातीसारखा लांबुळका, शेवटी दोन दलांचा. हे पाहताना आजही माझे हात थांबतात. पण इथून पुढे गळती मोठी आहे. काहींना तीन दलं, काहींची दलं जुळून कर्णा झालेली, काही काचेसारखे फुगीर, काहींच्या अंगावर पुन्हा नवे गर्भ. चांगले, अपारदर्शक, पांढरे गर्भ निवडून वेगळे ठेव. तेही लगेच उगवत नाहीत. बाटलीतला हा गर्भ बीजासारखी झोप घेतो, हे मलिन्स यांच्याच गटानं दाखवलं. ४ अंशांवर तीन-चार आठवडे ठेवून बाहेर काढले की मूळ आणि कोंब दोन्ही निघतात. ही थंडी न देता मुळं येतात, कोंब येत नाही, आणि माणूस माध्यमाला दोष देत बसतो.

माळव्याचं पंचांग इथे आपल्या बाजूनं आहे. नोव्हेंबरात परागकोश ठेवले, तर मार्च-एप्रिलमध्ये दाणेदार कॅलस, मे-जूनमध्ये गर्भ, आणि जुलै-ऑगस्टमध्ये रोपं बाहेर काढायला तयार. बाटलीतल्या रोपाच्या पानावर मेण नसतं आणि पर्णरंध्रं मिटायला शिकलेली नसतात. मे महिन्यातल्या लूमध्ये ते दुपारपर्यंत टिकणार नाही. पावसाळी हवेत, प्लास्टिकच्या झाकणाखाली, दर दोन दिवसांनी झाकण थोडं वर करत तीन आठवडे घेतले की बहुतेक रोपं तगतात. मुळांवरचं अगार, म्हणजे माध्यमाची जेली, पूर्ण धुऊन टाक, नाहीतर साखरेवर बुरशी येते. मी कोकोपीटमध्ये एक चतुर्थांश चाळलेलं, पुरतं कुजलेलं कंपोस्ट घालते. ते कंपोस्ट ज्या रीतीनं करतात ती जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. १९२४ साली याच शहरात उभ्या राहिलेल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीमध्ये अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी ती बसवली. त्या आवारात आज कृषी महाविद्यालय आहे. तू इंदुरात शिकतोस, एकदा तिथे जाऊन ये.

मात्र पावसाळ्यात रोपांना जी हवा मानवते ती प्रयोगशाळेला मानवत नाही. जुलैत आमच्याकडे बुरशीनं सर्वांत जास्त प्लेटा जातात. त्या दिवसांत दाणेदार कॅलसची किमान एक प्रत दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या माणसाच्या हाताखाली ठेव.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते.

थॉमसनची सुधारणा आजवर कशी झाली ते बघ. तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन हे सगळे थॉमसनच्याच घराण्यातले आहेत, आणि ते शेतकऱ्यांच्या नजरेनं सापडले. मांडवाखाली फिरताना एका काडीवरचे मणी लांब दिसले, ती काडी वेगळी लावली, आणि वाण झाला. सोनाका आणि किशमिश चोर्नीतून आलेला शरद सीडलेस, हे दोन्ही सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजचे. ही उत्परिवर्तनं निसर्गानं केली. माणसानं ती ओळखली, हे मोठं काम. पण वेलीचा शेंडा थरांचा बनलेला असतो. सर्वांत बाहेरचा थर साल देतो, आतला थर गर आणि परागकण देतो. बदल यांतल्या एकाच थरात असू शकतो, आणि काडीनं कलम करत राहिलं तोवर दोन्ही थर बरोबर जातात, म्हणून कुणाला काही कळत नाही.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण पिनो मोनिये या फ्रेंच वाणाचं आहे. मोनिये म्हणजे पीठगिरणीवाला. शेंड्यावर पीठ सांडल्यासारखी पांढरी लव असते म्हणून हे नाव. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेच्या संशोधकांनी या वेलीचे कायिक भ्रूण केले आणि थर सुटे झाले. आतल्या थरातून आलेली वेल नेहमीसारखी. बाहेरच्या थरातून आलेली वेल बुटकी, आणि तिच्यावर आधाराला गुंडाळणारा ताणा यायच्या जागी घड येत होते! पॉल बॉस आणि मार्क थॉमस यांनी २००२ मध्ये दाखवलं की तिच्यातला बदल जीएआय या जनुकातला आहे. बुटक्या गव्हाला ज्यानं बुटकं केलं त्याच कुळातला. कित्येक पिढ्या शेतकरी ज्या वेलीला एक समजत होते, त्या दोन वेली होत्या, एकमेकींत गुंडाळलेल्या. ती बुटकी वेल आज संशोधनाला उपयोगी पडते, कारण कुंडीत, वर्षभर फुलते.

ही गोष्ट मी तुला कौतुकासाठी सांगत नाही. एकाच पेशीतून आलेली वेल आईसारखी असेलच असं धरून चालू नकोस. थॉमसनच्या निवडीतून आलेल्या वाणाचे भ्रूण केलेस, तर त्यातले काही मूळ थॉमसनकडे गेलेले निघू शकतात. शिवाय २,४-डीवर वर्षानुवर्षं ठेवलेल्या कॅलसमध्ये गुणसूत्रांचे घोटाळे साठत जातात आणि गर्भ देण्याची ताकद ओसरते. दर हंगामाला नवा कॅलस कर. आणि भ्रूणातून आलेली वेल पुन्हा बाल्यातून जाते: पानं गोल फिरत लागतात, पहिल्या बऱ्याच पेऱ्यांवर ताणा येत नाही, फळाला वर्षं लागतात. घड पाहिल्याशिवाय तिच्याबद्दल कुणाला शब्द देऊ नकोस, वडिलांनाही नाही.

रोग न लागणारी थॉमसन दोन रीतींनी मिळू शकते, आणि दोन्हींत काहीतरी सोडावं लागतं.

पहिली रीत जनुक बदलण्याची. अॅग्रोबॅक्टेरियम या मातीतल्या जिवाणूकडून दाणेदार कॅलसमध्ये जनुक पोचवता येतो, पण द्राक्षाच्या पेशी या पाहुण्याला पाहताच काळ्या पडून मरतात. इस्रायलमध्ये पर्ल यांच्या गटानं १९९६ मध्ये पीव्हीपीपी आणि डायथायोथ्रायटॉल ही काळं पडणं रोखणारी द्रव्यं वापरून सुपिरिअर सीडलेसमध्ये हे आवरलं, तेव्हा काम जरा सोपं झालं. २००७ मध्ये द्राक्षाचा जनुकसंच वाचून झाला. २०१६ पासून क्रिस्पर या जनुक कापायच्या तंत्रानं द्राक्षात नेमका कापही घेता येतो. डाऊनीसाठी डीएमआर-६ हा जनुक महत्त्वाचा आहे. तो वेलीच्या प्रतिकारशक्तीला लगाम घालतो. तो बंद केला तर लगाम सुटतो.

अडचण पुढे आहे. कापणारी कात्री, म्हणजे कॅस-९ चा जनुक, वेलीत राहून जातो. भातात, गव्हात पुढच्या पिढीत संकर करून तो गाळता येतो. द्राक्षात संकर केला की थॉमसन संपली, कारण द्राक्षाचं प्रत्येक बी हा नवा वाण असतो. म्हणून कात्री जनुकाच्या रूपात न देता तयार प्रथिनाच्या रूपात, भिंत विरघळवलेल्या उघड्या पेशीत द्यावी लागते, आणि त्या उघड्या एकट्या पेशीतून वेल वाढवावी लागते. आत्ता सांगितलेल्या सगळ्या टप्प्यांत हा सर्वांत अवघड. इटलीत व्हेरोना विद्यापीठातून निघालेल्या गटानं हे शार्डोनेमध्ये साधलं, आणि २०२४ मध्ये वेली वाल्पोलिचेल्लात शेतात लावल्या. २०२५ च्या फेब्रुवारीत कुणीतरी रात्री येऊन त्या कापल्या. फ्रान्समध्ये कोलमारला २०१० मध्ये विषाणूरोधक खुंटांच्या प्रयोगाचं असंच झालं होतं. लोकांच्या शंकांना उत्तरं द्यायला हवीत, आणि उत्तरं शेतातल्या वेलीच देऊ शकतात. त्याच तोडल्या तर शंका तशाच राहतात. याचं मला मनापासून दुःख आहे.

आपल्याकडे मार्च २०२२ मध्ये केंद्र सरकारनं, परका जनुक शिल्लक नसलेल्या अशा संपादित पिकांना जीएम पिकांच्या कडक तरतुदींतून सूट दिली. तरी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीपुढे जावंच लागतं. अॅग्रोबॅक्टेरियमनं केलेली एकही वेल परवानगीशिवाय वडिलांच्या बागेत लावायची नाही. ‘एकच लावून बघू’ असंही नाही.

दुसरी रीत संकराची, आणि तुझ्यासाठी मी हीच सुचवीन. थॉमसनला बी नाही म्हणजे फलन होत नाही असं नव्हे. फलन होतं, गर्भ धरतो, आणि काही आठवड्यांनी मणी वाढत असताना तो आतच मरतो. तो मरायच्या आत बीजांड काढून माध्यमावर ठेवलं तर वाचतो. कॅलिफोर्नियात फ्रेस्नोला रॅमिंग आणि एमरशाड यांनी १९८२ मध्ये हे करून दाखवलं. त्याआधी बिनबियांचं द्राक्ष फक्त बाप होऊ शकत होतं; त्यानंतर ते आई होऊ लागलं, आणि बिनबियांच्या दोन वाणांचा संकर शक्य झाला. अशा संकरात बिनबियांची रोपं कितीतरी जास्त निघतात.

डाऊनीचा प्रतिकार बापाकडून आणायचा. मस्कडाइन द्राक्षातून आलेले डाऊनीसाठीचा आरपीव्ही-१ आणि भुरी या दुसऱ्या रोगासाठीचा रन-१ हे प्रतिकाराचे जनुक बाराव्या गुणसूत्रावर शेजारी आहेत, बरोबरच जातात. बिनबियांचा गुण मुख्यतः अठराव्या गुणसूत्रावरच्या एजीएल-११ या जनुकामुळे येतो. तेव्हा रोप चार पानांचं असतानाच पानातला डीएनए तपासून नको ती काढून टाकता येतात. फळाची वाट पाहत शेकडो वेली पोसाव्या लागत नाहीत. यात ‘थॉमसन’ हे नाव जातं, नवा वाण मिळतो. पण तो कायद्यानं मोकळा असतो, आणि एका एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला, साध्या लॅमिनार फ्लोसमोर, म्हणजे गाळलेल्या हवेच्या कपाटासमोर, बसून, सुरुवात करता येण्याजोगा असतो. पुण्यात मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. प्रतिकारक बापाचे परागकण कुठून मिळतील याची चौकशी मार्गदर्शकांच्या सहीच्या पत्रानं तिथे कर, आणि ती आत्ताच कर. परागकण सुकवून शीतपेटीत ठेवले की फुलोऱ्यापर्यंत टिकतात.

तर या हंगामाचं काम असं धर. छाटणीनंतर वडिलांना सांगून आठ-दहा चांगल्या वेली बाजूला राख. त्यांवर फुलोऱ्यापर्यंत जीए या हार्मोनची फवारणी नको, गंधक नको. त्यांतले दोन-तीन घड परागकोशांसाठी तोड. उरलेल्या घडांवर फूल उमलायच्या दोन-तीन दिवस आधी चिमट्यानं टोप्या आणि पुंकेसर काढ, कागदी पिशवी बांध, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परागकण लाव, पुन्हा पिशवी बांध. एका घडावर पन्नास कळ्या ठेव, बाकी कातर; सगळ्या करायला गेलास तर एकही नीट होणार नाही. परागण झालेला दिवस चिठ्ठीवर लिही. चाळिसाव्या दिवसापासून साठाव्या दिवसापर्यंत दर पाच दिवसांनी थोडे मणी आण आणि बीजांडं काढून ठेव. तुझ्या बागेत, तुझ्या हवेत गर्भ वाचायचा नेमका दिवस कोणता, हे त्या नोंदींतूनच कळेल.

पहिल्या खेपेचे मणी घेऊन येशील तेव्हा आधी माझ्याकडे ये. बीजांड सोलताना टोक कुठल्या बाजूनं धरायचं, ते लिहून सांगता येत नाही. सकाळची वेळ काढून ठेवते.